सोने वितळले, संगमरवराचा चुना झाला, खापर मात्र उरले

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरील पार्थेनॉन पाहायला आजही जगभरातून माणसे जातात, पण ज्या मूर्तीसाठी ते मंदिर उभारले ती मूर्ती आता कोठेही नाही. फिदियासने घडवलेली आणि इ.स.पू. ४३८ मध्ये प्रतिष्ठापना झालेली, नगरदेवता अथीनेची ती मूर्ती सुमारे १२ मीटर उंच होती. आत लाकडी सांगाडा, चेहरा आणि हात हस्तिदंताचे, आणि अंगावरचे वस्त्र सोन्याच्या पत्र्याचे. थुसिडिडीस या इतिहासकाराने सोन्याचे वजन ४० टॅलंट दिले आहे, म्हणजे आजच्या हिशेबाने हजार किलोपेक्षा अधिक. हे पत्रे सुटे करता येतील अशा रीतीने बसवलेले होते, आणि युद्धात गरज पडली तर ते काढून वापरता येतील, असे अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने नगरवासीयांना स्पष्ट सांगितले होते. देवीच्या अंगावरचे सोने ही एक प्रकारे नगराची राखीव ठेवच होती. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर लाखारीस नावाच्या हुकूमशहाने ते खरोखरच उतरवून घेतले. आज ती मूर्ती कशी दिसत होती हे आपल्याला जुन्या प्रवासवर्णनांतून आणि लहान प्रतिकृतींतून जोडून पाहावे लागते. त्या प्रतिकृतींपैकी सर्वांत पूर्ण अशी संगमरवरी प्रत १८८० मध्ये अथेन्समध्येच सापडली. तिची उंची जेमतेम एक मीटर आहे.

प्राचीन ग्रीक कलेविषयी वाचताना मला ही गोष्ट वारंवार जाणवत आली आहे की, मूर्ती ज्या द्रव्याची असते त्या द्रव्याची किंमतच तिच्या मुळावर येते. सोने तर कोणालाही हवेच असते. ब्राँझ वितळवून नाणी, शस्त्रे किंवा भांडी करता येतात, आणि इ.स.पू. पाचव्या शतकातील नामवंत शिल्पकारांनी घडवलेले बहुतेक ब्राँझचे पुतळे याच वाटेने गेले. जे थोडे उरले ते माणसांच्या हाती लागले नाहीत म्हणून उरले. डेल्फीचा सारथी दरड कोसळून गाडला गेला आणि १८९६ मध्ये उत्खननात निघाला; रिआचेचे दोन योद्धे १९७२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाशी सापडले. संगमरवराची गत याहून बरी नव्हती, कारण तो भाजला की उत्तम चुना होतो, आणि मध्ययुगात प्राचीन अवशेषांच्या शेजारी चुनाभट्ट्या लागत होत्या. खुद्द पार्थेनॉन आधी चर्च झाले, मग मशीद झाली. अखेर २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या सैन्याने केलेल्या माऱ्यात, आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्याचा मधला भाग उडाला. नंतर सेनापती मोरोसिनीच्या माणसांनी पश्चिमेकडच्या त्रिकोणी शिल्पपटातील मूर्ती उतरवून नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या खाली पडून फुटल्या.

मातीच्या भांड्यांचे मात्र असे झाले नाही. भट्टीत भाजलेली माती पुन्हा चिखल होत नाही, तिच्यापासून दुसरे भांडे घडवता येत नाही आणि तिला बाजारात भावही नसतो. भांडे फुटते हे खरे, पण खापर कुजत नाही, गंजत नाही आणि वितळवण्यासाठी कोणी उचलूनही नेत नाही. ग्रीक धर्म, ग्रीक मूर्ती आणि ग्रीक स्मारके यांच्याविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचा फार मोठा भाग अथेन्सच्या कुंभारांनी आपल्यापर्यंत पोचवला आहे, आणि त्यांना त्याचे पुरेसे श्रेय दिले जात नाही, असे माझे ठाम मत आहे. संग्रहालयांत लोक संगमरवरी दालनांत रेंगाळतात आणि मृत्पात्रांच्या कपाटांपुढून भराभर निघून जातात. हा लेख त्या कपाटांसाठी आहे.

आधी ही भांडी कशी भाजली जात हे पाहू, कारण त्या कृतीतच त्यांच्या टिकाऊपणाचे रहस्य आहे. अथेन्सच्या परिसरातील मातीत लोहाचे प्रमाण भरपूर आहे. कुंभार तीच माती पाण्यात कालवून निवळू देत, आणि तिच्यातला अत्यंत बारीक कणांचा भाग वेगळा काढून त्याने भांड्यावर चित्र काढत. भांड्यावरचा झळाळता काळा रंग हा रंग नव्हेच; भांड्याची आणि चित्राची माती मुळात एकच असते. भट्टी तीन टप्प्यांत चाले. पहिल्या टप्प्यात झरोका उघडा ठेवून भरपूर हवा दिली जाई, आणि सगळे भांडे लाल होई. सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलेल्या दुसऱ्या टप्प्यात झरोका बंद करून ओले लाकूड घातले जाई. हवेअभावी भांडे संपूर्ण काळे पडे, आणि चित्राचा बारीक थर काचेसारखा घट्ट मिटून जाई. तिसऱ्या टप्प्यात भट्टी निवत असताना झरोका पुन्हा उघडत. सच्छिद्र भाग हवा शोषून परत लाल होई, मिटलेला थर मात्र हवा आत न गेल्यामुळे काळाच राही. हे सारे उष्णतामापकाशिवाय, केवळ आगीचा रंग पाहून आणि हाताच्या सवयीने साधले जात होते. इ.स.पू. ५३० ते ५२० च्या सुमारास अथेन्समध्ये ही पद्धत उलटवून आकृत्या लाल आणि पार्श्वभूमी काळी ठेवण्याची रीत निघाली, आणि मग कुंचल्याच्या बारीक रेघांनी स्नायू, चुण्या, पापण्या दाखवता येऊ लागल्या.

या कुंचल्याने मूर्तिकारांचे कारखानेही टिपले आहेत. बर्लिनच्या संग्रहालयात इ.स.पू. ४९० ते ४८० च्या सुमाराचा एक उथळ प्याला आहे, जो इटलीतील वुल्ची येथे सापडला. त्याच्या बाहेरच्या बाजूवर ब्राँझच्या ओतशाळेचे चित्र आहे. एकीकडे भट्टी पेटलेली आहे, भिंतीवर हातोडे आणि करवत टांगलेली आहे, आणि एका कारागिरासमोर शिर नसलेला पुतळा आहे; त्याचे शिर जमिनीवर पडले आहे. दुसरीकडे माणसापेक्षा मोठ्या योद्ध्याच्या पुतळ्याचे अंग दोघे कारागीर घासून गुळगुळीत करीत आहेत. ब्राँझचे मोठे पुतळे अखंड न ओतता तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडले जात, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. प्याल्याच्या आतल्या बाजूस देवांचा लोहार हिफेस्टस ट्रॉयच्या युद्धातील वीर अकिलीससाठी बनवलेली शस्त्रे त्याच्या आईच्या, थेटिसच्या, हाती देत आहे. ओतशाळेतील घामेजलेल्या माणसांचे काम देवाच्या कामाच्या जोडीला ठेवण्यात चित्रकाराने आपल्या शेजारच्या कारागिरांचा जो मान राखला आहे, तो मला मनापासून आवडतो.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातील एक पात्र याहून पुढचे सांगते. दक्षिण इटलीत इ.स.पू. चौथ्या शतकात बनलेल्या या पात्रावर एक कलाकार हेराक्लीसच्या संगमरवरी मूर्तीला रंग देत आहे, त्याचा साहाय्यक शेगडीवर सळया तापवीत आहे, आणि खुद्द हेराक्लीस मागून येऊन आपली मूर्ती न्याहाळीत आहे. ग्रीक मूर्ती शुभ्र असत हा समज युरोपच्या कलाशाळांत कित्येक पिढ्या पक्का होता. अक्रोपोलिसवर पुरलेल्या मूर्तींवर रंगाचे अंश आढळले, आणि या पात्राने तर तो रंग कसा लावत तेही दाखवले.

मूर्ती घडल्यानंतर तिची पूजा कशी होई, हेही बरेचसे भांड्यांवरच दिसते. इ.स.पू. पाचव्या शतकातील अनेक पात्रांवर मद्याचा देव डायोनायसस याची पूजा आहे, आणि तिथे देव म्हणजे एका खांबाला अडकवलेला मुखवटा आणि खांबाभोवती गुंडाळलेले वस्त्र, एवढेच. शेजारी स्त्रिया मोठ्या पात्रांतून मद्य काढून घेत आहेत. इतर पात्रांवर रस्त्याकडेच्या चौकोनी स्तंभमूर्ती आहेत आणि त्यांच्यापुढे वेदीवर बळी दिला जात आहे. देवाला वस्त्र नेसवणे, मुखवटा बसवणे, समोर काही अर्पण करणे हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतीपुढे उभी केलेली मूर्ती या सगळ्यातून सुटी होऊन आपल्यापुढे येते, आणि भांडे तिला परत तिच्या देव्हाऱ्यात नेऊन बसवते.

येथे अक्रोपोलिसवरील आणखी एका अथीनेचा उल्लेख केला पाहिजे. फिदियासची सुवर्णमूर्ती कितीही भव्य असली, तरी अथेन्सची जुनी पूज्य मूर्ती ती नव्हे. ती जुनी मूर्ती ऑलिव्हच्या लाकडाची होती आणि आकाशातून पडली अशी श्रद्धा होती, म्हणजे आपल्या भाषेत स्वयंभूच. दर चार वर्षांनी होणाऱ्या मोठ्या उत्सवात नवे विणलेले वस्त्र वाहिले जाई ते या लाकडी देवीला. ती नाहीशी झाली, आणि तिची खात्रीशीर प्रतिकृती एकही उरली नाही.

त्याच उत्सवातील स्पर्धांची बक्षिसे मात्र शेकड्यांनी उरली आहेत. इ.स.पू. ५६६ मध्ये या उत्सवाला थाटाचे रूप आले, आणि विजेत्यांना पवित्र ऑलिव्हांचे तेल दोन कान असलेल्या उंच कुंभांतून दिले जाऊ लागले. एका कुंभात साधारण ३६ ते ४० लिटर तेल मावे. इ.स.पू. चौथ्या शतकातील एका शिलालेखानुसार दोन घोड्यांच्या रथशर्यतीतील विजेत्याला असे १४० कुंभ मिळत, म्हणजे पाच हजार लिटरहून अधिक तेल! प्रत्येक कुंभाच्या एका अंगाला ढाल-भाला घेऊन पुढे झेपावणारी अथीना, आणि दुसऱ्या अंगाला ज्या स्पर्धेचे बक्षीस ती स्पर्धा, अशी मांडणी शतकानुशतके टिकली. लाल आकृत्यांची नवी रीत सर्वत्र रूढ झाल्यावरही हे कुंभ जुन्या काळ्या आकृत्यांचेच राहिले, कारण ते धर्मकार्याचे होते. इ.स.पू. चौथ्या शतकात त्यांच्यावर त्या वर्षीच्या प्रमुख अधिकाऱ्याचे नाव लिहू लागले. त्यामुळे कुंभ नेमका कोणत्या वर्षीचा ते कळते, आणि त्याच्यासोबत सापडलेल्या इतर वस्तूंचा काळही ठरवता येतो.

यांपैकी इ.स.पू. ४०० च्या सुमाराच्या, ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या एका कुंभावर अथीनेच्या ढालीत दोन पुरुषांची आकृती आहे: हार्मोडियस आणि अरिस्टोगिटॉन. अथेन्सच्या जुलमी राजवटीतील हिपार्कसला इ.स.पू. ५१४ मध्ये ठार करणाऱ्या या दोघांचे पुतळे नगराच्या चौकात उभे होते. पहिले पुतळे इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने पळवून नेले, म्हणून अथेन्सने लगेच दुसरे उभारले. पुढे ते ब्राँझही नाहीसे झाले. उरल्या त्या रोमन काळातील संगमरवरी प्रती, आणि कुंभारांनी काढलेली ही चित्रे. हा कुंभ घडला त्याच्या थोडेच आधी, इ.स.पू. ४०३ मध्ये, ‘तीस जणां’ची जुलमी सत्ता जाऊन अथेन्समध्ये लोकशाही परत आली होती. देवीच्या ढालीवर हेच स्मारक का आले असावे, याचा उलगडा त्यातून होतो.

भांड्यावरचे चित्र म्हणजे छायाचित्र नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. क्राइमियातील केर्च येथे सापडलेल्या आणि आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात असलेल्या घड्यावर अथीना आणि समुद्रदेव पोसायडन यांचा वाद आहे, मध्ये ऑलिव्हचे झाड आहे; पार्थेनॉनच्या पश्चिम शिल्पपटाचा पडसाद अनेक अभ्यासकांना त्यात दिसतो. पण घड्याच्या गोलाईवर बसवताना कुंभाराने आकृत्या हलवल्या असणार, काही गाळल्या असणार. मोडलेल्या शिल्पपटाची हुबेहूब मांडणी या घड्यावरून ठरवणे मला धाडसाचे वाटते.

पोसायडनवरून कोल्हापूरचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती रोमन व्यापाराबरोबर येथवर आली आणि आज कोल्हापूरच्या संग्रहालयात आहे. इतर धातूच्या वस्तूंसोबत ती जमिनीत राहिली म्हणून वाचली. त्याच व्यापारातून आलेल्या मद्यकुंभांची खापरे मात्र नेवासे, तेर, घारापुरी अशा कितीतरी ठिकाणी निघाली आहेत. अशी मूर्ती क्वचितच एखादी मिळते, खापरे ठिकठिकाणी मिळतात.

फुटलेले भांडे परत उभे राहते याचे सर्वांत मोठे उदाहरण फ्लॉरेन्समध्ये आहे. क्लायटियसने रंगवलेले आणि एर्गोटिमोसने घडवलेले, इ.स.पू. ५७० च्या सुमाराचे हे भव्य पात्र ‘फ्रान्स्वा पात्र’ म्हणून ओळखले जाते. १९०० मध्ये संग्रहालयातील एका रखवालदाराने रागाच्या भरात त्याच्यावर स्टूल फेकले आणि त्याचे ६३८ तुकडे झाले. ते जोडले गेले. १९६६ च्या महापुरात त्याला पुन्हा इजा झाली, पुन्हा ते सांधले गेले, आणि आज त्याच्यावरील दोनशेहून अधिक आकृत्या एकामागून एक वाचता येतात.

मग या भांड्यांना धोका कशाचा? आपण त्यांना मोल दिले तेव्हापासून तो सुरू झाला. इटलीतील प्राचीन एट्रुस्कन लोकांनी ग्रीक पात्रे हौसेने विकत घेऊन आपल्या थडग्यांत मृतांसोबत ठेवली होती, म्हणून ती इटलीत इतक्या संख्येने सापडली. वुल्चीची थडगी १८२८ पासून उपसली गेली, आणि चोरट्या खोदाईचे प्रकार विसाव्या शतकातही चालूच राहिले. युफ्रोनियसने रंगवलेले सार्पेडॉनच्या मृत्यूचे पात्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये दहा लाख डॉलरला घेतले. ते चोरट्या खोदाईतले असल्याचे पुरावे पुढे आल्यावर २००८ मध्ये ते इटलीला परत करण्यात आले, आणि आता ते चेर्वेतेरीच्या संग्रहालयात, जिथल्या थडग्यातून ते काढले गेले त्या परिसरात, ठेवले आहे. पात्र परत आले, पण ते थडग्यात कोणाच्या शेजारी, कोणत्या वस्तूंच्या मध्ये ठेवले होते, याची नोंद चोरट्यांनी केली नव्हती, आणि ती माहिती कोणत्याही न्यायालयाला परत मिळवून देता येणार नाही.