‘पेव’ची वही : पान ३०, आणि चेक्सच्या शर्टाचं काय झालं

मागची नोंद लिहिली तेव्हा मी पान १४ वर रुतून बसले होते. परवाच्या शुक्रवारी पान ३० लागलं. गणपतीपासून एकही ठरलेला शुक्रवार चुकलेला नाही, आणि चित्रं आधीपेक्षा घसरलीत असं म्हणणारा फक्त एक जण भेटला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. ते पुढे सांगते.

नव्यांसाठी थोडक्यात: ‘पेव’ ही माझी वेबवरची कॉमिक २००५ च्या पुरात घडते. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची जमिनीतली पेवं असतात. तोंड अरुंद, पोट मोठं, वरून माती लिंपून बंद. त्या पुरात कित्येक पेवांत पाणी शिरलं आणि आतली हळद गेली. अशाच एका पेवावर हक्क सांगणारी दोन घरं आणि मधे अडकलेला म्हाद्या, एवढी गोष्ट. मी स्वतः मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिते. चित्रं आठवड्यातल्या पाच रात्री साडेनऊ ते अकरा, आणि रविवारी दुपारी तीन तास.

म्हणजे आठवड्याला झाले साडेदहा तास. हा आकडा मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. तरी मागच्या वर्षीच्या आषाढात मी ‘दर शुक्रवारी एक पान’ असं छातीठोक सांगून मोकळी झाले. सहा शुक्रवार निभावले, सातव्याला माती खाल्ली. मग अकरा आठवडे गायब. त्या अकरा आठवड्यांत मी काय करत होते? तर पहिली पाच पानं पुन्हा काढत होते, कारण हात सुधारला होता आणि जुनी पानं बघवत नव्हती. ती बदललीत हे एकाही वाचकाच्या लक्षात आलं नाही. माझ्या भाचीच्या आलं. ती म्हणाली, “मावशी, आधीचा म्हाद्या जास्त घाबरलेला दिसायचा गं.”

दिवसभर दुसऱ्यांची जमाखर्चाची वही लिहिणारी बाई स्वतःच्या पानाचा हिशेब घालत नाही, याची लाज वाटली म्हणून पान ११, १२ आणि १३ ला घड्याळ लावलं. सहा चौकटींच्या एका पानाची सरासरी अशी निघाली: खरडा ४० मिनिटं, पेन्सिल अडीच तास, शाई तीन तास, मागचा देखावा तीन तास वीस मिनिटं, रंग अडीच तास, संवादांचे फुगे आणि अक्षरं एक तास. बेरीज १३ तास. हातात साडेदहा. रात्री कितीही जागा, साडेदहातून तेरा वजा जात नाहीत. मला इतके दिवस वाटायचं की मी आळशी आहे. मी आळशी नव्हते, तुटीत होते.

आता कुठलं कलम कापायचं? मी आधी सगळ्यातून थोडं थोडं कापलं. रेघ घाईची, रंग घाईचा, चेहरे घाईचे. पान १४ त्याच पद्धतीचं आहे आणि ते अजून तसंच ठेवलंय, शिक्षा म्हणून. सगळं पान सारखंच पातळ झालं की वाचणाऱ्याला घाई लगेच दिसते. मी कॉलेजात मेसच्या आमटीत हे पाहिलं होतं, पण धडा घेतला नव्हता.

पहिला शोध फोनने लावून दिला. मी क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये १६०० पिक्सेल रुंदीवर काढते. वाचणारे जवळपास सगळे फोनवर, म्हणजे पान अर्ध्याहून लहान होऊन पोचतं. पेवाच्या आतल्या भिंतीवर मी चार तास बारीक तिरप्या रेघा ओढल्या होत्या. कुदळीचे घाव, ओल, सगळं. बसमध्ये शेजारच्या मुलीच्या फोनवर तीच चौकट दिसली (हो, अनोळखी वाचक, आणि मी तोंड उघडलं नाही). भिंतीच्या जागी करडा डाग होता. चार तासांचा डाग. तीन पिक्सेलची रेघ निम्मी झाली की दीड पिक्सेलची उरते, आणि दीड पिक्सेलच्या रेघा शेजारी शेजारी बसल्या की एकमेकींत विरघळतात. आता सहा पिक्सेलच्या खाली ब्रश नेत नाही, आणि पान पडद्यावर पाव आकारात ठेवूनच खरडा करते. त्या आकारात जे दिसत नाही ते काढायचंच नाही. फक्त एवढ्याने शाईचा सव्वा तास वाचला.

दुसरा शोध मामांचा. ते आयुष्यभर हौशी नाटकांचं नेपथ्य करत आले. सांगलीत हे काही विशेष नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून दर तिसऱ्या घरात कोणीतरी रंगमंचाला दोरी बांधलेली आहे. मामांना मी पान १२ दाखवलं. त्यात सांगलीचा आयर्विन पूल चार चौकटींत चार कोनांतून होता, कमानींसकट. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

“पूल चालतोय का गं?”

“म्हणजे?”

“माणसं बोलतायत एका जागी उभी राहून. मग पूल का फिरतोय? अगं, गोष्ट दुसरीकडे गेली की पडदा बदलायचा. माणूस बोलला म्हणून कोण पडदा बदलतं? आमच्याकडे रस्त्याचा एक, जंगलाचा एक, दरबाराचा एक. तेवढ्यावर सगळं उरकायचं.”

तेव्हापासून माझ्याकडे ‘पडदे’ नावाचं एक फोल्डर आहे. नऊ पडदे: पूल लांबून, पूल खालून, हरिपूर रस्त्यावरची चिंचेची झाडं, संगमाचा घाट, दोन घरांची दोन अंगणं, अडत दुकान, पेवाचं तोंड, पेवाचं पोट. एकेक पडदा निवांत, जीव ओतून काढला. पुलाला दोन रविवार गेले. आता पानात प्रसंगाच्या पहिल्या चौकटीत पडदा पूर्ण दिसतो, पुढच्या चौकटींत त्याचाच एखादा तुकडा किंवा नुसती सपाट छटा. देखाव्याचे तीन तास वीस मिनिटांवरून चाळीस मिनिटांवर आले. गंमत म्हणजे देखावे आधीपेक्षा चांगले दिसतात, कारण ते दमलेल्या हाताने रात्री पावणेअकराला काढलेले नसतात. एक सावधगिरी: पडद्याची रेघ आणि माणसाची रेघ एकाच जाडीची ठेवली तर माणूस भिंतीला चिकटतो. पडद्याची रेघ मी करडी करते, काळी फक्त माणसाला.

एका मित्राने एआयकडून पूल काढून घे असं सुचवलं. घेतला. कमानींचा आकार वेगळा आणि नदीला दोन्ही बाजूंनी डोंगर. सांगलीच्या माणसाला कृष्णेकाठी डोंगर दाखवण्याची माझी हिंमत नाही.

रंगाचं मात्र मी अजून चाचपडतेय. पूर्ण रंग सोडले. आता काळा, पांढरा आणि एकच हळदी पिवळा. कागदावर कल्पना झकास. प्रत्यक्षात पिवळा इतका उजळ रंग आहे की त्याची सावली पडत नाही. गडद करायला जावं तर तो हिरवट नाहीतर मातकट होतो, हळद राहत नाही. तीन पानं तशीच फिकट गेली. मग पुराच्या पाण्याचा गढूळ तपकिरी घेतला आणि सगळा अंधार त्याच्यावर सोपवला. पिवळा आता फक्त हळद आणि कंदील. रंगाला सव्वा तास लागतो, आणि म्हाद्याच्या हाताला हळद लागलेली लांबूनही कळते, जी सात रंगांत कधी कळली नव्हती.

आता शर्ट. पहिल्या पानाच्या आधी, हौसेहौसेने, मी म्हाद्याला चेक्सचा शर्ट घातला होता. पान १४ पर्यंत तो शर्ट मी ६१ वेळा काढला. घडीबरोबर चेक्स वळले पाहिजेत, हात उचलला की मोडले पाहिजेत. एका वेळेला सहा मिनिटं धरा. सहा तासांहून जास्त वेळ शर्टात गेला आणि एकही वाचक कधी शर्टाबद्दल बोलला नाही. पान १६ वर म्हाद्या एका वासराला ओढून काढताना शर्ट कुंपणाच्या तारेला अडकवून फाडतो आणि पुढे सगळीकडे साध्या बनियनवर फिरतो. ते पान आतापर्यंतचं सगळ्यात आवडलेलं पान आहे. वाचकांना वाटतं तो त्याग आहे. तो हिशेब आहे.

मराठीत रोज चालणारी चित्रपट्टी म्हटलं की पहिलं नाव ‘चिंटू’चं. १९९१ साली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी ती ‘सकाळ’मध्ये सुरू केली. त्यातला मुलगा बघा: मोजक्या रेघा, आणि त्या मोजक्या रेघांत ओळख पक्की. रोज काढायचा माणूस रोज काढता येईल असाच घडवावा लागतो, हे मला ६१ शर्टांनंतर कळलं. उलट बाजूने आपल्यातले बरेच जण ‘वन-पंच मॅन’ या जपानी कॉमिकचा दाखला देतात: २००९ साली वेबवर ओबडधोबड चित्रांत सुरू झाली तरी लोकप्रिय झाली, २०१२ पासून दुसऱ्या कसलेल्या चित्रकाराने नव्याने काढली, म्हणजे चित्राला महत्त्व नाही. मला हे पटत नाही. ओबडधोबड होती ती रेघ. कुठल्या चौकटीवर थांबायचं आणि कुठली उडवायची, हे त्यात चोख होतं. रेघ उसनी मिळू शकते, हे मिळत नाही. आणि फोनवर वाचायच्या कोरियन कॉमिक्सशी, म्हणजे वेबटूनशी, बरोबरी तर सोडूनच द्या. दर आठवड्याला रंगीत भाग काढणाऱ्यामागे बऱ्याचदा मदतनीस असतात, देखाव्याला वेगळा माणूस असतो. माझ्यामागे कुकरच्या शिट्ट्या असतात.

अक्षरांत वेळ फार वाचला नाही, पण वाचू नये असं आता वाटतं. चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अंधाऱ्या’मधला ऱ्या नीट बसेना, म्हणून फुगे इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करते. फॉण्ट घेताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का ते बघा. हिंदी वळणाचा ‘ल’ म्हाद्याच्या तोंडी आला की तो एकदम सरकारी सूचनेसारखा बोलायला लागतो. ओळींमधलं अंतर रोमन अक्षरांपेक्षा जास्त लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. आणि एक गोष्ट मला फार उशिरा सुचली: आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘मी ती वही पेवात’ एका फुग्यात आणि ‘टाकलीच नाही’ दुसऱ्या. चित्राला हात न लावता चौकट दुप्पट ताणली जाते. म्हणून आता फुगे आधी लिहिते, पेन्सिल नंतर.

तर सध्याचा दर पानाला पावणेसात तास. पंधरवड्याला तीन पानं होतात, त्यातली दोन एका शुक्रवारी लावते, तिसरं साठवणीत. त्या साठवणीचं नाव अर्थातच पेव. दिवाळीत साठवणीचं एक पान बुडालं, आज पेवात सात आहेत. फेब्रुवारीत नव्या हळदीचे सौदे जोरात सुरू झाले की मला आठवड्याला चारच तास मिळतील, म्हणजे पंधरवड्याला जेमतेम एक पान. जाणार दोन, येणार एक. सात पानं सात पंधरवडे पुरतील, मे महिन्याच्या मध्यापर्यंत. हंगाम त्याच्याही पुढे रेंगाळतो, तेव्हा जानेवारीत आणखी दोन तरी पानं आत ढकलायला हवीत.

आणि आता तो एक जण. आमच्या दुकानातले सगळ्यात जुने हमाल, ज्यांनी तरुणपणी हरिपूरच्या पेवांतून हळद काढलीय. मुलाच्या फोनवर ते ‘पेव’ वाचतात, हे मला माहीतच नव्हतं. पान २७ नंतर वखारीच्या दारात त्यांनी थांबवलं.

“ताई, चित्र झ्याक हाय. पण पयल्यासारखं नाय राहिलं. पेवाचं तोंड एवढं मोठं नसतंय. माणूस अंग चोरून उतरतोय. आन झाकण काढलं की लगी कोण उतरत नाय, आत हवा नसती. कंदील सोडायचा आधी.”

मला माहीत होतं. पान ६ वर तोंड बरोबर काढलंही होतं. २७ वर ते मोठं केलं, कारण मोठ्या तोंडातून म्हाद्या सरळ उभा काढता येतो आणि अंग चोरलेला माणूस काढणं अवघड. शाईत वाचवलेल्या सव्वा तासाची हाव सुटली होती. छपून गेलेल्या पानाला अध्याय संपेपर्यंत हात लावायचा नाही, हा माझा नियम मी त्या एका चौकटीसाठी मोडला. अडीच तास लागले. खांदे तिरके, एक कोपर कानाशी, पाय अंधारात गेलेले. नव्या पडद्यात तोंडही दुरुस्त केलं.

पुढच्या शुक्रवारी ३१ आणि ३२. ३१ वर फुगा एकही नाही. कंदील दोरीने खाली जातो, चार चौकटी. पहिल्या तीन चौकटींचा पडदा एकच, ज्योत तेवढी बदलते, म्हणजे पाऊण तासात उरकल्या. चौथी उरलेल्या अख्ख्या पानाएवढी आहे: पेवाचं पोट, वरून. तिच्यावर कालपर्यंत साडेसहा तास गेलेत आणि ज्योत अजून विझत नाहीये. विझलेल्या वातीचा धूर पिवळा करावा की तपकिरी, यावर काल मामांशी फोनवर भांडण झालं. ते म्हणतात धूर दाखवूच नकोस, नुसती दोरी सैल पडलेली दाखव. आज रात्री तसं करून बघते.