सुनावणी

“लेखी दिलंय ना? मग झालं तर!” समितीतले एक साहेब म्हणाले आणि शिपायाने पुढचं नाव पुकारलं.

आजी अजून पिशवीतला सातबारा उलगडतच होत्या. शहराच्या विकास आराखड्यात त्यांच्या परसातून रस्ता दाखवलाय, त्यावरच त्यांची हरकत. भिंतीवरच्या नकाशात त्यांचं घर नेमकं कुठे, हेही कुणी बोट ठेवून दाखवलं नाही.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम २८ प्रमाणे हरकती ऐकणाऱ्या या समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे ३ सदस्य आणि जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात. तज्ज्ञ कोणते, ते समोर पाट्या नसल्याने कळेना. (चहा मात्र वेळेवर आला.)

आता अहवाल महापालिकेकडे जाईल. त्यात ‘सुनावणी दिली’ असं येईलच. काय ऐकलं, हे कोण विचारणार?