गोडी छाटणीपासून वाइनरीच्या काट्यापर्यंत : वाइन द्राक्षांचा एक हंगाम

दिंडोरी तालुक्यात आमची खाण्याच्या द्राक्षांची बाग जुनी आहे. वाइनच्या जातींची, म्हणजे पांढऱ्या वाइनची शेनिन ब्लाँ आणि लाल वाइनची शिराझ यांची लागवड मात्र अलीकडची. एका वाइनरीशी करार करून ही लागवड केली आणि 2023-24 हा तिचा पूर्ण माल देणारा पहिला हंगाम ठरला. खाण्याच्या द्राक्षात मण्याची फुगवण, लांबी आणि चकाकी यांना भाव असतो. वाइनच्या द्राक्षात मणी लहानच हवा, कारण रंग आणि स्वादाचा मोठा भाग सालीत असतो आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त येते. साखर, आम्लता आणि सालीची पक्वता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात, आणि त्या साधतात की नाही हे बऱ्याच अंशी हवामानच ठरवते.

युरोपात द्राक्षे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकू लागतात आणि हवा थंड होत असताना काढणीला येतात. आपल्याकडे क्रम उलटा आहे. एप्रिलमध्ये नव्या काड्या येण्यासाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना घड धरण्यासाठी गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च या काळात काढणी. म्हणजे मणी पिकत जातो तसतसे ऊन वाढत जाते. त्यामुळे गोडी छाटणीची तारीख हा माझ्या मते वाइन द्राक्षातला सर्वांत मोठा निर्णय आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटले तर कोवळी फूट आणि फुलोरा परतीच्या पावसात सापडतो आणि डाऊनी हा बुरशीजन्य रोग तो घडासकट नेतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर छाटले तर मणी पिकण्याचा काळ मार्चच्या उन्हात जातो. आम्ही शेनिन सप्टेंबरच्या अखेरीस छाटली आणि शिराझ त्यानंतर काही दिवसांनी.

फुलोरा कोरड्या हवेत पार पडला. मात्र 26 नोव्हेंबर 2023 रोजी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला आणि निफाडसह अनेक ठिकाणी गारपीट झाली. आमच्याकडे गारांचा मोठा मारा झाला नाही, पण वारा आणि पाऊस जोराचा होता. त्या वेळी शेनिनचे मणी ज्वारीएवढे होते, म्हणून ते तडकले नाहीत. ज्या बागांमध्ये मण्यांत साखर भरली होती, त्यांचे नुकसान पाहवत नव्हते. शेनिनचा घड मुळातच घट्ट असतो. आत पाणी साचून राहिले की पुढे मधले मणी सडतात आणि बाहेरून ते दिसतही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही वेलींच्या तारा हलवून पाणी झाडले, फेलफुटी (बगलेतून फुटणारे जादा फुटवे) काढल्या आणि घडांजवळची पाने फक्त पूर्वेकडून विरळ केली. सकाळचे ऊन घड सुकवते. पश्चिमेकडची पाने दुपारच्या उन्हापासून मण्याचे रक्षण करतात, म्हणून ती तशीच ठेवली.

डिसेंबरच्या अखेरीपासून थंडी चांगली पडली आणि मण्यांत पाणी उतरण्याची, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागण्याची अवस्था याच काळात आली. द्राक्षातले टार्टारिक आम्ल बऱ्यापैकी टिकून राहते, मॅलिक आम्ल मात्र मणी श्वसनात खर्च करतो आणि हवा जितकी उष्ण तितका हा खर्च वेगाने होतो. रात्र थंड असली की आम्लता टिकते, आणि पांढऱ्या वाइनचा ताजेपणा तिच्यावरच उभा असतो. शिराझच्या सालीतला रंगही थंड रात्रींमध्ये चांगला भरतो. एकाच वेलीवर सावलीतला घड आणि सतत उन्हात राहिलेला घड शेजारी धरून पाहिले, तेव्हा उन्हातल्या घडाचा रंग फिका आणि विटकरी होता. जास्त ऊन म्हणजे जास्त रंग, ही समजूत त्या दिवशी गळून पडली.

फेब्रुवारीत नमुने घेण्याचे काम सुरू झाले. ठरावीक वेळी, सकाळीच, ओळीच्या दोन्ही बाजूंनी आणि घडाच्या वरून, मधून व टोकाकडून मणी तोडायचे, रस काढून रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर ब्रिक्स, म्हणजे साखरेचे प्रमाण पाहायचे आणि सामूही (पीएच; तो जितका जास्त तितकी आम्लता कमी) मोजायचा. वाइनरीचे शेती अधिकारी त्यापुढे जाऊन बिया चावून पाहत. बी हिरवी असेल तर ब्रिक्स कितीही दिसला तरी लाल द्राक्ष थांबवायचे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पटले. गंधकाची फवारणी त्यांनी काढणीच्या बरीच आधी बंद करायला लावली, कारण मण्यावर राहिलेल्या गंधकामुळे आंबवण्याच्या वेळी सडक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो.

शेनिन 21 ब्रिक्सच्या आसपास आली तेव्हा आकाश ढगाळ झाले. आणखी थांबलो असतो तर स्वाद थोडा वाढला असता, पण पिकलेल्या घट्ट घडावर पाऊस पडला असता तर साराच माल धोक्यात आला असता. वाइनरीशी बोलून आम्ही लगेच काढणी ठरवली. पहाटेच्या अंधारात डोक्याला दिवे लावून मजूर कामाला लागले. ऊन चढण्याआधी क्रेट वाइनरीत पोहोचवणे आवश्यक होते, कारण तापलेले द्राक्ष वाटेतच आंबू लागते आणि रस काळवंडतो. काट्यावर सामू 3.4 निघाला आणि माल पूर्ण दराने स्वीकारला गेला.

शिराझची गोष्ट वेगळी झाली. मार्च उजाडताच पारा 35 अंशांकडे सरकला, साखर झपाट्याने चढली, पण बिया अजून पुरत्या तपकिरी नव्हत्या. थांबलो तसा ब्रिक्स 24 च्या पुढे गेला आणि सामू 3.7 झाला. वाइनरीने माल घेतला, मात्र आम्ल बाहेरून घालावे लागेल असे स्पष्ट सांगितले. पुढील हंगामासाठी शिराझची गोडी छाटणी शेनिनच्या आधी करून पाहावी असे आम्ही ठरवले. घड मोकळा असल्यामुळे परतीच्या पावसाचा धोका ती जात शेनिनपेक्षा बरा पेलेल, असा आमचा अंदाज होता. पडताळा म्हणून तिच्या अर्ध्याच ओळी लवकर आणि अर्ध्या नेहमीच्या वेळी छाटून दोन्हींचे सामू स्वतंत्र नोंदवायचे ठरले.