बोट उभी करताना

स्प्लिट शहराच्या मरिनात, म्हणजे बोटी उभ्या करायच्या बंदरात, शनिवारी संध्याकाळी बोट ताब्यात मिळाली, तेव्हा आम्हा सहा जणांत ती चालवता येणारा एकच होता, मंदार. क्रोएशियात स्वतः चालवायला बोट भाड्याने घ्यायची तर कुणा एकाकडे परवाना लागतो, शिवाय रेडिओ वापरण्याचं वेगळं प्रमाणपत्र. मंदारकडे दोन्ही होती. उरलेले आम्ही पाच जण सामानात धरायचे.

बोट शिडाची, ४० फुटी. तीन खोल्या, म्हणजे दोन-दोन माणसं झोपू शकतील अशी तीन कपाटं. समुद्र, बेटं, सूर्यास्त वगैरेंची कल्पना सगळ्यांना होती. आठवड्याची खरी परीक्षा बोट ‘पार्क’ करण्यात आहे, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला पेपर रविवारी, ब्राच बेटावरच्या मिल्नात. इथे धक्क्याला बोट पाठमोरी लावतात. शेजारच्या दोन बोटींच्या फटीत उलटं शिरायचं, मागचे दोन दोर धक्क्याला बांधायचे आणि पुढचं टोक धरून ठेवायला पाण्याखालून येणारा एक जाड दोर उचलायचा. त्याचं बारीक टोक धक्क्याला बांधलेलं असतं. ते हुकने उचलून दोर हातात सरकवत बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत चालत जायचं, तेही घाईने, कारण तोवर वारा बोट आडवी करत असतो. हे काम माझ्याकडे होतं. दोर शेवाळाने बुळबुळीत आणि मध्येमध्ये शिंपल्यांनी धारदार. मी एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने चष्मा सांभाळत होतो. मंदार ओरडत होता, ‘‘दोर ढिला सोडू नकोस, इंजिनच्या पंख्यात जाईल!’’ स्नेहा फेंडर, म्हणजे बोटी एकमेकींवर घासू नयेत म्हणून मध्ये धरायची हवेची उशी, घेऊन चुकीच्या बाजूला उभी होती. शेजारच्या बोटीवरचे एक आजोबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले, आमचा मागचा दोर झेलला, दोन वेढे देऊन बांधला आणि पुन्हा वाचायला बसले. एक शब्द नाही. इतकं लाजल्यासारखं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

सोमवारी ह्वार बेटाजवळच्या पाक्लेनी बेटांवर नांगर टाकला. नावावरून ही ‘नरकाची बेटं’ असा समज होतो, कारण क्रोएशियन भाषेत नरकाला ‘पाकाओ’ म्हणतात. पण नाव आलंय ‘पाक्लिना’वरून, म्हणजे पूर्वी बोटींना फासत त्या पाइनच्या राळेवरून. पाणी इतकं नितळ की ८ मीटरवरचा तळ दिसतो. आम्ही ४० मीटर साखळी सोडली, खोलीच्या पाचपट. साखळी लांब असली की ओढ आडवी बसते आणि नांगर वर न उचकटता तळात रुततो. हिशेब चोख होता, जागा चुकली होती. तळावरचे गडद पट्टे म्हणजे पॉसिडोनिया हे समुद्री गवत. त्यात नांगर रुतत नाही, नुसता सरकतो. शिवाय माशांच्या पिल्लांचं ते घर, त्यामुळे तिथे नांगर टाकणं हा शेतात गाडी घालण्याचा प्रकार. हे ज्ञान रात्री अडीचला, बोट जागेवरून सरकली की वाजणारा मोबाइलवरचा अलार्म बोंबलल्यावर झालं. खडक हळूहळू जवळ येत होता. अर्ध्या झोपेत, विजेऱ्या घेऊन, वाळूचा फिकट तुकडा शोधून पुन्हा नांगर टाकला. मग कुणालाच झोप आली नाही. काठावरचं एक झाड आणि त्यामागचा खडक एका रेषेत आहेत ना, हे पाळीपाळीने बघत बसलो.

दिवसा मात्र मजा होती. उन्हाने जमीन तापली की अकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून माएस्ट्राल वारा सुरू होतो आणि संध्याकाळी पडतो. विसकडे जाताना बोट अशी कलली की गरम चहाचं भांडं तेवढं जागेवर राहिलं, कारण स्टोव्ह झोपाळ्यासारखा टांगलेला असतो. बाकी सगळं स्वयंपाकघर एका बाजूला.

विस हे पूर्वी युगोस्लाव्ह सैन्याचं बेट. १९८९पर्यंत परदेशी माणसाला तिथे पाऊल टाकायची परवानगी नव्हती. उत्तर किनाऱ्यावर पाणबुड्यांसाठी खडकात खोदलेला बोगदा अजून आहे. आमचं लक्ष्य होतं पलीकडच्या बिशेवो बेटावरची निळी गुहा. पाण्याखालच्या भोकातून ऊन आत शिरतं आणि आतलं पाणी खालून उजळतं म्हणे. ‘म्हणे’, कारण विसवरच्या कोमिझा गावाला पोचलो आणि यूगो वारा लागला. ईशान्येचा थंड वारा ‘बुरा’ नावाला जागणारा, झटक्यात येतो. आग्नेयेचा हा यूगो दमट, हळूहळू जोर धरणारा, दोन-दोन दिवस लाटा वाढवत नेणारा. लाटांत गुहा बंद. बिशेवो समोर दिसत होतं आणि आम्ही दोन दिवस पत्ते कुटत होतो. मंदार आणि निखिल एका भांड्यावरून (कुणी घासायचं?) पुरता दिवस बोलले नाहीत. १२ मीटरच्या बोटीत अबोला धरणं हे कौशल्यच आहे.

शुक्रवारी संध्याकाळी परत स्प्लिट. मंदारने मान वळवून फट पाहिली. कुणी ओरडलं नाही. स्नेहा योग्य बाजूला होती, निखिलने मागचा दोर फेकला, मी बुळबुळीत दोर घेऊन पुढे गेलो. इंजिन बंद.

चहा ठेवला तोच शेजारच्या फटीत एक बोट उलटी शिरू लागली. नवी मंडळी, कुठल्याशा भाषेत सगळे एकदम ओरडतायत. फेंडर चुकीच्या बाजूला. निखिल आणि मंदार कप ठेवून एकदमच उठले आणि त्यांचा दोर झेलायला मागे गेले.