रिपीटरचं वर्ष: आधी गळती शोधा

जूनमध्ये नीटचा, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो आणि आठवडाभरात नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासेसमध्ये रिपीटर बॅचची, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या वर्गाची चौकशी सुरू होते. फी भरली जाते, नवे मॉड्यूल मिळतात आणि अकरावीचा पहिला धडा पुन्हा पहिल्या पानापासून उघडला जातो. बहुतेकांचं वर्ष इथेच घसरतं. एकदा परीक्षा देऊन आलेल्या मुलाला सगळा अभ्यासक्रम सारखाच कच्चा नसतो. त्याचे गुण काही ठरावीक ठिकाणी गळालेले असतात, आणि ती ठिकाणं त्याच्याच पेपरात लिहिलेली असतात.

म्हणून नवं पुस्तक घेण्याआधी तीन दिवस जुन्या पेपरला द्या. परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर आपल्या ओएमआरची, म्हणजे गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत आणि उत्तरतालिका येते तेव्हाच ती उतरवून ठेवायची असते. चुकलेला प्रत्येक प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा आणि चार ढिगांपैकी एकात टाका: मुळात येतच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही किंवा गोल चुकीचा भरला.

समजा, १८० पैकी १३० बरोबर, ४२ चूक आणि ८ सोडलेले आहेत. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एक कापला जातो, म्हणजे ५२० वजा ४२, एकूण ४७८. त्या ४२ मध्ये १८ येतच नव्हते, १० आठवले नाहीत, ९ आकडेमोडीचे आणि ५ वाचण्यातले. शेवटच्या दोन ढिगांतले १४ प्रश्न त्या मुलाला येत होते. चुकीचं उत्तर बरोबर झालं की एक गुण कापायचा वाचतो आणि चार मिळतात, म्हणजे प्रत्येकी पाचाचा फरक. १४ गुणिले ५, सत्तर गुण. नवीन एकही धडा न वाचता ४७८ चे ५४८ होऊ शकतात. हा हिशोब न मांडता ज्याने वर्षभर दिवसाला बारा तास वाचलं, त्याचे हे सत्तर गुण पुढच्या मे महिन्यातही तिथेच गळतात. फार वाईट वाटतं असं पाहून, कारण मेहनतीत कसूर नसते.

अंदाजाने उत्तर देण्याबद्दलही एक गैरसमज पक्का बसलाय. ‘खात्री नसेल तर सोडून दे’ असं सर्रास सांगितलं जातं. गणित करून बघा. चार प्रश्नांत डोळे मिटून गोल भरले तर सरासरी एक बरोबर येतो: चार मिळाले, तीन गेले, हाती एक. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर दोन प्रश्नांत सरासरी चार मिळतात आणि एक जातो. म्हणजे दोनात अडकलेला प्रश्न सोडणं तोट्याचं आहे. धोका वेगळ्याच जागी असतो. चुकीचे पर्याय अर्धवट माहिती असणाऱ्याला ओढून घेतील असेच रचलेले असतात, त्यामुळे ‘बहुतेक हेच असावं’ या वर्गातली उत्तरं चारात एक इतकीही बरोबर येत नाहीत, असं कित्येकांच्या बाबतीत दिसतं. तुमचं काय होतं ते मोजा. सराव पेपरात प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: खात्रीचा, दोनातला, निव्वळ अंदाजाचा. आठ-दहा पेपरांनंतर तुमचा स्वतःचा आकडा हातात येईल. काय सोडायचं ते त्यावरून ठरवा.

‘आठवलं नाही’ हा ढीग जीवशास्त्रात सगळ्यात मोठा असतो आणि तो पुन्हा वाचून कमी होत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे निघाले. पुन्हा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं अशी मनाची समजूत होते. त्यामुळे धडा एकदा वाचा, पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि वीस मिनिटं आठवेल ते लिहा. मग लाल पेनाने राहिलेलं भरा. पुढच्या उजळणीत फक्त लाल तेवढंच वाचायचं. हाच कागद तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा कोऱ्यावर उतरवायचा.

एकमेकांत मिसळणाऱ्या गोष्टी मात्र शेजारी शेजारी मांडूनच पाठ होतात. उदाहरणार्थ, आनुवंशिक आजार आणि ते पुढच्या पिढीत जाण्याचे प्रकार: हिमोफिलिया आणि रंगांधळेपणा एक्स-लिंक्ड रिसेसिव्ह, सिकल सेल आणि थॅलेसेमिया ऑटोसोमल रिसेसिव्ह, मायोटोनिक डिस्ट्रॉफी ऑटोसोमल डॉमिनंट. हे एका तक्त्यात असेल तर जोड्यांचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो. वेगवेगळ्या पानांवर वाचलं असेल तर दोन पर्यायांत घोळ होतोच.

आपल्याकडे राज्य मंडळातून बारावी केलेल्यांची एक जास्तीची अडचण आहे. बोर्डासाठी आणि सीईटीसाठी बालभारतीची पुस्तकं पाठ झालेली असतात, नीटचे प्रश्न मात्र एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकांतल्या वाक्यांवरून निघतात. संकल्पना येत असूनही विधानांचे प्रश्न चुकतात ते यामुळे. जीवशास्त्र आणि इनऑरगॅनिक रसायनासाठी एनसीईआरटी हेच मुख्य पुस्तक ठेवा, आकृत्यांखालच्या ओळींसकट. मराठीतून पेपर देणाऱ्यांना पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर मिळतो आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. त्यामुळे इंग्रजी संज्ञा ओळखता आल्याच पाहिजेत.

भौतिकशास्त्राची उपासमार हे रिपीटरचं ठरलेलं दुखणं. जीवशास्त्र वाचताना अभ्यास झाल्यासारखं वाटतं, म्हणून दिवस तिकडेच जातो. पण जीवशास्त्रात ३६० पैकी ३१० असतील तर आणखी वीस मिळवायला रक्त आटवावं लागतं. भौतिकशास्त्रात १८० पैकी ७० असतील तर पन्नास वाढवणं त्या मानाने सोपं. सकाळचं डोकं ताजं असताना रोज घड्याळ लावून तीस गणितं. कॅल्क्युलेटर नाही, मोबाइल शेजारच्या खोलीत. दिलेल्या राशी एककांसह लिहून मगच सूत्र. मिलिलिटरचे लिटर आणि सेंटिमीटरचे मीटर न केल्यामुळे किती गुण जातात, ते तुमच्या तिसऱ्या ढिगातच दिसेल.

पेपर दुपारी २ ते ५ असतो आणि केंद्राचं दार दीडला बंद होतं. अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसणाऱ्याला नेमकी हीच झोपेची वेळ होऊन बसते. जानेवारीपासून तरी रात्री अकराच्या आत झोपा. डिसेंबरपर्यंत दर रविवारी २ ते ५ एक पूर्ण पेपर, जानेवारीपासून आठवड्याला दोन, आणि प्रत्येक पेपरच्या तपासणीला दुसऱ्या दिवशी तेवढेच तीन तास. वेळेची एक चालणारी विभागणी: जीवशास्त्र ४५ मिनिटं, रसायन ५०, भौतिक ६५. एक गोल भरायला पाच सेकंद धरले तरी १८० गोलांना पंधरा मिनिटं लागतात, ती सरावात मोजलीच जात नाहीत. गोल शेवटी एकदम भरू नका. एक प्रश्न सोडलेला असला की पुढचे सगळे एका ओळीने सरकतात. पुस्तिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोल भरा.

आता कामाबद्दल. आपल्याकडे एमबीबीएसच्या प्रवेशात अनुभवाला शून्य गुण आहेत, यादी नीटच्या गुणांवर लागते. तेव्हा प्रमाणपत्रासाठी दवाखान्यात किंवा लॅबमध्ये फुकट राबण्यात अर्थ नाही. पैशांची गरज असेल तर काम जरूर करा, पण दिवसाला तीन तासांच्या वर नको आणि दुपारी २ ते ५ मध्ये नको. आठवी ते दहावीच्या विज्ञान-गणिताच्या शिकवण्या सगळ्यात चांगल्या. संध्याकाळी असतात, आणि समजावून सांगताना आपलं कुठे अडतं ते लगेच कळतं.

निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या घरांत ‘घरीच आहेस ना’ म्हणून कामं वाढतात. फळांसाठीची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, काढणी जानेवारीपासून, काढणीनंतरची खरड छाटणी एप्रिलमध्ये, म्हणजे काढणीपासूनचा सगळा मोसम नीटच्या शेवटच्या महिन्यांवर येतो. जूनमध्येच आई-वडिलांशी बसून ठरवून घ्या: गोडी छाटणीपर्यंत सकाळचे दोन तास शेतात, जानेवारीपासून अजिबात नाही. आयत्या वेळी मजूर मिळाले नाहीत की भांडण होतं, आणि त्यात दोघांचीही चूक नसते.

कागदपत्रांचं कामही याच पावसाळ्यात उरका. बारावीत पीसीबी, म्हणजे भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५० टक्के, आरक्षित प्रवर्गात ४० टक्के नसतील तर नीटचे कितीही गुण असले तरी उपयोग नाही. मग मंडळाच्या श्रेणीसुधारचा अर्ज करावा लागतो. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर जुना पुरावा आत्ताच शोधायला लागा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांच्या शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा किंवा तहसीलमधला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यांत तो सापडतो. शाळा गावाकडची असेल तर तीन-चार फेऱ्या धरा. ओबीसींनी अखिल भारतीय १५ टक्के कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढायचा असतो, राज्याचा नॉन-क्रिमिलेअर तिथे चालत नाही. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नावाचं जे स्पेलिंग आहे, तेच सगळीकडे आहे ना, एवढं एकदा घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.