कागदाची गाडी आणि चालती गाडी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे पत्राकामाचे वर्कशॉप आहे. रोजचे पोट टेंपो आणि पिकअपच्या कामावर चालते. जुन्या गाड्या हौशी मंडळींच्या येतात आणि त्यांचे पैसेही हौसेच्याच गतीने येतात. तरीही मी त्या घेतो, कारण हाताखालच्या पोरांना नुसते पॅनेल बदलण्यापलीकडचे काम दाखवायला दुसरी जागा उरलेली नाही. ज्या गाडीबद्दल लिहितो आहे ती दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराची, उघड्या टपाची, १९६१ सालची ट्रायम्फ हेराल्ड. इंग्लंडमध्ये बनलेली ही गाडी त्याच्या आजोबांनी मुंबईहून आणली होती. आजोबांच्या नावावरून ती वडिलांच्या आणि वडिलांच्या नावावरून नातवाच्या नावावर रीतसर चढलेली होती, आणि आर.सी. बुक प्लास्टिकच्या पिशवीत इतके जपून ठेवलेले होते की त्याच्या निम्मी काळजी गाडीची घेतली असती तर तिला माझ्याकडे आणण्याची वेळच आली नसती.

ती वर्षानुवर्षे बागेच्या औषधाच्या शेडमध्ये उभी होती. भुरी रोगासाठी गंधक आणि केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण हे द्राक्षवाल्याचे नित्याचे सामान. त्यातल्या मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, पोती सरळ डिकीवर आणि मागच्या सीटवर रचलेली होती. पावसाळ्यात शेड गळायची, पोती पाझरायची आणि ते निळे पाणी थेट तळाच्या पत्र्यात मुरायचे. डिकीचा तळ मी खरवडू लागलो तेव्हा गंजाच्या पापुद्र्याखाली गुलाबीसर तांबूस थर निघाला. मोरचुदाचे पाणी उघड्या लोखंडावर पडले की लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी तांबे बसते. शाळेच्या प्रयोगशाळेत खिळा बुडवून हे सगळ्यांनीच पाहिलेले असते. पण तो थर पत्र्याला वाचवत मात्र नाही. ओलाव्यात तांबे आणि लोखंड एकमेकांना चिकटलेले असले की त्यातले लोखंड नेहमीपेक्षा वेगाने खाल्ले जाते. म्हणूनच स्क्रूड्रायव्हर टेकवताच पत्र्यातून आरपार जात होता.

निसर्गाने जे केले ते एक वेळ समजू शकते. आधीच्या कुणा कारागिराने मात्र सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीच्या, पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून बोटभर पुट्टी थापली होती आणि तिच्यावर छान रंग मारला होता. कागदाने वर्षानुवर्षे पाणी धरून ठेवले आणि सिल आतून नाहीशी झाली. आमच्या धंद्यात गंजाइतकेच नुकसान पुट्टीने केले आहे, आणि गिऱ्हाइकाला चकचकीत रंगच हवा असतो म्हणून ते पुढेही होत राहील.

हेराल्डची घडण समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. त्या काळात बहुतेक कंपन्या, खाली वेगळा सांगाडा म्हणजे चॅसी नसलेल्या, एकसंध बॉडीकडे वळल्या होत्या, पण हेराल्ड बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतल्यामुळे तिला एकसंध बॉडी बनवून देणारे कुणी उरले नाही. म्हणून १९५९ साली आलेल्या हेराल्डला स्वतंत्र चॅसी दिली गेली आणि इटलीच्या मिकेलोत्तीने आखलेली बॉडी तुकड्यातुकड्यांनी तिच्यावर बोल्टने बसवली गेली. पुढचा टब वेगळा, मागचा वेगळा, टपही बोल्टवरच, आणि बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटणारे. अडचणीतून निघालेली ही रचना आज आमच्यासारख्यांना वरदान ठरते, कारण सडलेला तुकडा काढून चांगला बसवता येतो. यातली दुखरी जागा म्हणजे चॅसीच्या मधल्या दोन मुख्य दांड्यांपासून बाजूंना निघालेले हात, ज्यांना आउटरिगर म्हणतात. बॉडी त्यांच्यावर टेकते, आणि उघड्या गाडीत वरून ताण घेणारा टप नसल्यामुळे ते सडले की दारे लागेनाशी होतात. या गाडीचे मुख्य दांडे शाबूत होते, पण आउटरिगर जवळजवळ नव्हतेच.

म्हणून पार्ट्ससाठी दुसरी गाडी शोधायचे ठरले आणि ती देवळाली कॅम्पात सापडली. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेराल्ड भारतात बनवायला घेतली होती. ही त्यांपैकीच दोन दारांची, बंद टपाची होती. मालकीणबाईंचे यजमान लष्करात होते, त्यांनी ती जबलपूरला असताना घेतली होती. नोंदणी तिकडचीच राहिली आणि आर.सी. बुक कुठल्याशा बदलीत हरवले. दुसऱ्या गाडीसाठी हिचे भाग काढणार आहोत, हे मी काकूंना पहिल्याच भेटीत सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे अर्धी तरी रस्त्यावर येईल. घेऊन जा.” आमच्या बागायतदाराने भंगाराच्या भावापेक्षा बरे पैसे दिले, हेही नमूद करायला हवे.

गाडी वर्कशॉपमध्ये उतरल्यावर माझ्याकडच्या धाकट्या पोराने काही न सांगता तिच्यावर हात चालवायला सुरुवात केली. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले, फॅनला धरून इंजिन हळूहळू फिरवून मोकळे केले, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, बाटलीतून कार्ब्युरेटरला पेट्रोल दिले आणि बाहेरची बॅटरी लावली. काही वेळ नुसता खोकल्यासारखा आवाज येत राहिला आणि मग ते ९४८ सीसीचे इंजिन चारही सिलिंडरवर लागले. पोराने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. माझे डेंटर चाचा, ज्यांनी बोलायचे म्हणून कधी बोललेले मला आठवत नाही, ते गाडीखाली जाऊन हातोडीने चॅसी ठोकत फिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, “शेठ, हिला कापायची? ही तर गाडी आहे. ती दुसरी नुसती फोटो आहे.”

चाचांचे म्हणणे पत्र्याच्या हिशेबाने शंभर टक्के बरोबर होते. देवळालीच्या कोरड्या हवेत, बंद गॅरेजमध्ये राहिलेल्या त्या गाडीला वरवरचा गंज सोडला तर काही झालेले नव्हते. मी बागायतदाराला बोलावून दोन्ही गाड्या दाखवल्या आणि आउटरिगर आपण पत्रा वाकवून नवे बनवू, ही गाडी सबंध ठेवू, असे सुचवले. वेळ आणि मजुरी दोन्ही वाढणार होती. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “दादा, तुमचं पटतं मला. पण हिचं करायचं काय? हिला कागदच नाहीत. रस्त्यावर नेली तर पहिल्या नाक्यावर अडकणार.” कागद करून घेणे अशक्य नव्हते. जबलपूरला खेपा घालायच्या, दुय्यम प्रत काढायची, वारसाच्या नावावर गाडी चढवायची, ना हरकत दाखला आणायचा आणि मग इथे नोंदवायची, असा तो रस्ता आहे. बंद टपाच्या, स्वस्त समजल्या जाणाऱ्या गाडीसाठी तो कुणी चालत नाही. हेच उलट असते, कागद उघड्या गाडीचे हरवलेले आणि बंद टपाच्या गाडीचे शाबूत असते, तर हाच माणूस जबलपूरला आनंदाने गेला असता, असे मला वाटते.

मग त्याने दबकत दुसरी वाट सुचवली. चांगल्या चॅसीवर उघड्या गाडीची बॉडी बसवायची, नंबरची प्लेटही तिचीच लावायची, म्हणजे काम निम्म्यावर येईल आणि कागदही चालतील. हे त्याच्या डोक्यातून निघालेले नव्हते. आमच्याच धंद्यातल्या कुणी तरी त्याच्या कानात घातले होते, कारण असले प्रकार सर्रास चालतात आणि करणारे त्याला चतुराई समजतात. मी नाही म्हटले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करायला मनाई करते. शिवाय त्याला गाडी पुढे व्हिंटेज म्हणून नोंदवायची होती, आणि २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी तेव्हाच व्हिंटेज ठरते जेव्हा तिची चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसतो. व्हिंटेज म्हणून नोंद मिळवायची आणि खाली चॅसी दुसऱ्याच गाडीची, हे मला जमणारे नव्हते. दुरुस्ती कुठे संपते आणि फेरफार कुठे सुरू होतो, हे मात्र तो नियम आमच्यासारख्यांना समजेल अशा भाषेत सांगत नाही. मी माझ्यापुरती रेघ ओढली: मुख्य दांडे मूळचेच राहतील, बाजूचे हात बदलले जातील आणि कुठे काय बदलले याचे फोटो फाइलला लागतील.

कापण्याआधीचे काम मी कुणालाही करू दिले नाही. पार्ट्सच्या गाडीची खरी किंमत तिच्या भागांपेक्षा तिच्या मापांत असते आणि एकदा ग्राइंडर फिरला की ती मापे कायमची जातात. बॉडी उतरवून चॅसी चार घोड्यांवर पाणसळ लावून समपातळीत घेतली. बॉडीच्या बोल्टचे प्रत्येक भोक, पुढच्या सस्पेन्शनच्या जागा आणि मागच्या आडव्या पाट्याची बैठक, अशा प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडून जमिनीवर खूण केली. त्या खुणांवरून कर्ण मोजले. डावा आणि उजवा कर्ण मिलिमीटरभराच्या आत जुळला, म्हणजे ही गाडी कधी ठोकलेली नव्हती. त्या मापांवर अँगलचा सांगाडा वेल्ड केला आणि तो आउटरिगरच्या भोकांना बोल्टने आवळला. मग स्पॉट वेल्डचा एकेक टिपका ड्रिलने काढत आणि जिथे जाड वेल्ड होता तिथे ग्राइंडर लावत आउटरिगर सोडवले. तिकडे उघड्या गाडीची बॉडी उचलण्यापूर्वी दोन्ही दारांच्या चौकटीत तिरपे अँगल मारले होते, कारण तसे न करता ती उचलली तर मधेच वाकते आणि मग कुठलेही दार कुठेच बसत नाही. तोच सांगाडा जुन्या दांड्यांना लावला, वेल्डचा थोडाथोडा टाका आलटून पालटून घेतला आणि प्रत्येक टाक्यानंतर कर्ण पुन्हा मोजले. दारे बसली तेव्हा फटी दोन्हीकडे सारख्या होत्या. चाचांनी दार दोनदा उघडून लावले आणि काही न बोलता चहाला गेले.

पुढच्या चाकांचे खालचे ट्रुनियनही त्याच गाडीतून घेतले. उभ्या दांड्याच्या आट्यांवर फिरणाऱ्या या पितळी तुकड्याला ग्रीस नव्हे, गिअरचे तेल लागते. ते न मिळाल्यास दांडा आट्यांत झिजून तुटतो आणि चाक आडवे होते. लष्करी शिस्तीच्या त्या मालकाने तेल घातलेले होते, द्राक्षवाल्यांनी नव्हते. अशा रीतीने चांगल्या सांभाळलेल्या गाडीचे सगळे चांगले, न सांभाळलेल्या गाडीत गेले.

आता उघडी हेराल्ड रंगाला जाण्याच्या बेतात आहे, तिच्या टपाचे कापड शिवणाऱ्याकडे पडले आहे. बंद गाडीचा उरलेला सांगाडा शेडमागे आहे आणि तिची नंबरप्लेट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मुंबईच्या एका खरेदीदाराने फक्त ती प्लेट मागितली आणि चांगला भाव सांगितला. कुठल्या तरी बेनामी गाडीला ती ओळख म्हणून लागणार हे उघड असल्यामुळे मी फोन ठेवला. ती वाट कायमची बंद करायची तर कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्याचे कळवून नोंदणी रद्द करून घ्यायला हवी आणि तो अर्ज मालकाकडून, म्हणजे आता काकूंकडून, जायला हवा. मी तो तयार करून देवळालीला गेलो. त्यांनी चष्मा लावून सबंध वाचला. आमच्या पोराने इंजिन सुरू झाल्याचा व्हिडिओ कौतुकाने त्यांच्या नातवाला पाठवलेला होता, हे मला तिथे समजले. “निकामी कुठे होती हो ती? सुरू झाली की तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “झालं ते झालं, गाडी मीच दिली तुम्हाला. पण हा शब्द बदलून आणा, मग सही करते.” अर्जात तोच शब्द लागतो, हे मी त्यांना सांगितले. तो बदलून आणता येईल का, हे विचारायला अजून मी कुणाकडे गेलेलो नाही, आणि अर्ज प्लेटसोबत ड्रॉवरमध्येच आहे.