वाल फुलेना म्हणून दिव्यापुढे गोणपाट

यंदाची मांडामांड अशी: नागपुरातल्या आमच्या माडीवरच्या गच्चीत जुन्या कूलरच्या दोन टाक्या आणि १५ इंची सहा ग्रो बॅगा (रोपं लावायच्या पिशव्या). टाक्यांत वाल, बॅगांत बरबटी, आणि थंडीसाठी श्रावणघेवडा. पुण्या-मुंबईकडच्यांनी गोंधळू नये, तुमची चवळीची शेंग ती आमची बरबटी.

२२ जून
पहिला पाऊस पडला की हात शिवशिवतात. टाकीत निव्वळ काळी माती भरली आणि वालाच्या १० बिया टोचल्या. त्यावर चार दिवस झड लागली. उकरून पाहिलं तर सात बिया सडलेल्या, बोटात धरताच चुरा. ही माती पाणी सोडत नाही. कपाशीला ते मानवतं, टाकीतल्या बीला नाही. दुसऱ्यांदा माती, शेणखत आणि रेती सारख्या भागानं घेतली, तळाला १२ भोकं पाडली, बी रात्रभर भिजवण्याचा हट्ट सोडला आणि इंचभर खोल लावलं. सहाव्या दिवशी सगळं वर.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
बाहेर मारबतीची, म्हणजे ईडा पीडा नेणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक आणि आमच्या बरबटीच्या शेंड्यांवर काळा मावा, रस शोषणारी बारीक कीड. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणताना माव्याचंही नाव घेतलं. गेला नाही.

आधी पानांवर मुंगळे दिसले होते, तेव्हाच उलटून पाहायला हवं होतं. मावा गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंगळे येतात आणि त्याला राखतातही. तीन दिवस नळीनं पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला, मग निंबोळीचं तेल लिटरमागे ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी. उन्हात फवारला तर पानं करपतात. एक बॅग घालवून शिकलो.

आणि एक पाप कबूल करतो. पानांवर काळ्या, काटेरी, मगरीच्या पिल्लासारख्या अळ्या दिसल्या. १५-२० तरी चिरडल्या असतील. नंतर कळलं, त्या ढालकिड्याच्या अळ्या, म्हणजे मावा खाणाऱ्या. आता पान उलटल्यावर हात आधी थांबतो.

१४ सप्टेंबर
वाल मांडवावर चढून खाली लोंबतोय, पानं तळहाताएवढी, फूल एक नाही. उपाशी असेल म्हणून टाकीमागे चमचाभर युरिया दिला. पानं आणखी मोठी झाली. शेंगवर्गीय पिकाला वर नत्र (नायट्रोजन) ओतलं की त्याचा पाला माजतो, हे वाचलेलं होतं, पण वाचलेलं वेळेवर आठवेल तर ना.

आईनं गच्चीवर येऊन मांडव पाहिला. “वाल कधी पोळ्याले फुलते का रे? दिवाळी जवळ येऊ दे.” ती काटोलकडची, तिच्या माहेरी बांधावर वाल असायचा.

तिचं बरोबर होतं. आपला जुना वेली वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाही. जूनअखेर नागपुरात दिवस साधारण १३ तास २० मिनिटांचा असतो, डिसेंबरात ११ तासांच्याही आत. लवकर लावला म्हणून लवकर शेंगा मिळत नाहीत, वेल तेवढा लांब होतो. (बाराही महिने फुलणारे बुटके वाण निघालेत, त्यांना हे लागू नाही.)

२६ ऑक्टोबर
दिवाळी झाली. पूर्वेकडची टाकी जांभळ्या तुऱ्यांनी भरली. रस्त्याकडची तशीच हिरवीगार. बी एकच, माती एकच, पाणी एकच. आठवडाभर डोकं खाजवलं. मग रात्री कपडे काढायला गच्चीवर गेलो आणि उजेड दिसला: रस्त्यावरचा एलईडी दिवा नेमका त्या मांडवाच्या उंचीवर, सात-आठ हातांवर. त्या बिचाऱ्या वेलाची रात्रच होत नव्हती. रात्रीच्या उजेडानं सोयाबीनही असंच हिरवं राहतं, फुलायला उशीर करतं.

कठड्याला दोरी बांधून तीन गोणपाटं टांगली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “वेलाले पडदा लावून राहिला का भाऊ?” लावून राहिलो, बाप्पा.

१६ नोव्हेंबर
रस्त्याकडच्या टाकीतही तुरे आले. गोणपाटामुळेच आले अशी शपथ घेणार नाही, रात्री एरवीही मोठ्या होतच होत्या. पण गोणपाटाच्या सावलीत येणारी बाजू आधी फुलली आणि गोणपाटाच्या वर डोकावणारे शेंडे अजून नुसते पाल्याचे आहेत. पुढच्या वर्षी दोन्ही टाक्या दिव्यापुढे ठेवून एकाच टाकीला पडदा लावून पाहीन.

पूर्वेच्या टाकीतून दर चौथ्या दिवशी पाव किलो शेंगा निघतात. वाल-वांगं तीनदा झालं. शेंग कोवळी असतानाच तोडा; दाणे भरू दिले की वेल ‘काम झालं’ समजून फुलं आवरतो.

७ डिसेंबर
श्रावणघेवड्याचं थोडक्यात. मागे फेब्रुवारीत लावला होता, मार्चअखेर पारा ३५ च्या वर गेला आणि फुलं टपाटपा गळाली. मधमाश्या नाहीत म्हणून गळतात असं सांगून कुणी ब्रश हातात देतो. घेवडा बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो, ब्रश ठेवून द्या. यंदा १९ ऑक्टोबरला लावला, ४० दिवसांत फुलं, आणि गळ नाही. पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसतेय, ती खालची दाट पानं काढून वारा खेळता ठेवला की थबकते.

बरबटी आज काढली. मुळांवर मुगाएवढ्या गाठी, नखानं फोडल्या तर आत गुलाबी, म्हणजे हवेतला नत्र धरणारे जिवाणू कामावर होते. घेवड्याचं एक रोप वाळलं होतं, तेही उपटून पाहिलं: गाठी मोजून पाच, त्याही पांढऱ्या. हवेतला नत्र धरण्यात घेवडा आळशीच, त्यामुळे त्याला मी पंधरवड्याला मूठभर गांडूळखत देतो. बरबटीच्या उरलेल्या बॅगांतली रोपं बुडाशी कापली, मुळं आतच ठेवली. तिथे आता मेथी.